पोटात पसरलेला आतड्याचा कॅन्सर: पुढचा अंदाज पायरीपायरीने कसा बांधायचा

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तरावर (डॉक्टर याला पेरिटोनियम म्हणतात) पसरला आहे असं कळलं की रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: किती वेळ आहे? त्याला बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक म्हणजे "असं काही सांगता येत नाही", आणि दुसरं म्हणजे एखादा सुटा आकडा. पहिलं उत्तर ऐकलेल्या घरात कुठलाच निर्णय होत नाही. दुसरं ऐकलेल्या घरात सगळे त्या तारखेकडे डोळे लावून बसतात.

खरं तर या आजाराबद्दल बरंच काही सांगता येतं, फक्त ते एका आकड्यात मावत नाही. एकाच निदानाखाली काही आठवड्यांत जाणारे रुग्ण असतात आणि पाच वर्षांनंतरही आजार परतलेला नाही असेही असतात. त्यामुळे कुठलाही आकडा कानावर पडला की आधी विचारायचं, हा आकडा कोणत्या रुग्णांचा आहे आणि आपला रुग्ण त्यांच्यासारखा आहे का? या लेखातल्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहेत. रुग्णाची फाईल हातात असलेल्या नातलगांसाठी, स्वतःच्या आजाराविषयी नीट समजून घेऊ इच्छिणाऱ्या रुग्णांसाठी आणि या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. अंतिम अंदाज उपचार करणाऱ्या टीमनेच द्यायचा असतो. पण कोणती माहिती मागायची आणि कोणत्या क्रमाने, हे ठाऊक असलं की तो अंदाज कितीतरी नेमका होतो.

पायरी १: आजार नक्की कोणता, आणि आणखी कुठे आहे?

ही पायरी सोपी वाटते म्हणून घाईत उरकली जाते. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या अस्तरावर गाठी दिसल्या म्हणजे तो आतड्याचाच कॅन्सर, असं होत नाही. पोटाचा क्षयरोग स्कॅनवर हुबेहूब असाच दिसू शकतो. स्त्रियांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर असाच पसरतो. अपेंडिक्समधून निघणारा, चिकट द्राव तयार करणारा मंद गतीचा आजारही सगळं पोट भरून टाकतो, पण त्याची चाल इतकी वेगळी असते की तिथले आकडे इथे लावणं चूकच. म्हणून पहिला कागद शोधायचा तो बायोप्सीचा. मूळ गाठ कुठली, अस्तरावरच्या गाठीतून तुकडा घेतला होता का, आणि दोन्हींचा मेळ बसतो का, हे लिहून ठेवा.

यानंतर पसरण्याच्या जागा. टप्पे ठरवण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, तिच्या आठव्या आवृत्तीत चौथ्या टप्प्याचे तीन भाग आहेत. एकाच दूरच्या अवयवात पसरला तर एम१ए, दोन किंवा अधिक अवयवांत पसरला तर एम१बी, आणि पोटाच्या अस्तरावर पसरला तर एम१सी, मग इतर अवयवांत असो वा नसो. अस्तराला वेगळं खातं देण्याचं कारण म्हणजे तिथला आजार सरासरीने जास्त वाईट वागतो. केमोथेरपीच्या १४ चाचण्यांमधल्या १०,५५३ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात फक्त अस्तरावर आजार असलेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्या मुदतीपर्यंत हयात असतात ती मुदत) १६.३ महिने होतं, तर अस्तरासोबत इतर अवयवांतही आजार असलेल्यांचं १२.६ महिने.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, पण त्यांवर अजून विसंबू नका. ते औषधोपचाराच्या चाचण्यांमधल्या रुग्णांचे आहेत. चाचणीत जायला पुरेसे धडधाकट असलेले, पण ज्यांचा आजार शस्त्रक्रियेने काढायचा ठरलेला नव्हता, असे बहुतेक जण.

पायरी २: पोटात किती ठिकाणी, किती मोठा?

पूर्ण अंदाजातली सर्वांत वजनदार माहिती या पायरीवर मिळते, म्हणून इथे थोडं थांबू.

आजाराचा पसारा मोजण्यासाठी पीसीआय नावाचा निर्देशांक वापरतात. १९९६ मध्ये मांडलेली ही पद्धत कागद-पेन्सिलीने करता येईल इतकी साधी आहे. पोटाचे नऊ चौकोन करायचे: मधला एक आणि त्याभोवती आठ. त्यात लहान आतड्याचे चार भाग मिळवायचे. असे एकूण १३ विभाग होतात. प्रत्येक विभागात सर्वांत मोठी गाठ केवढी आहे ते पाहून गुण द्यायचे. गाठ नसेल तर ०, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत १, अर्धा ते पाच सेंटिमीटर २, पाचपेक्षा मोठी किंवा गाठी एकमेकींत मिसळून थर झाला असेल तर ३. बेरीज ० ते ३९ च्या दरम्यान येते.

साधारणपणे १० पर्यंतचा पीसीआय म्हणजे मर्यादित पसारा. ११ ते २० हा मधला पट्टा आहे, जिथे निर्णय अवघड असतो आणि बाकीच्या गोष्टी पारडं फिरवतात. २० च्या वर गेला की आतड्याच्या कॅन्सरमध्ये मोठ्या शस्त्रक्रियेचा फायदा बहुतेक ठिकाणी संशयास्पद मानतात. या रेषा दगडावर कोरलेल्या नाहीत. नऊवरून अकरावर गेल्याने एका रात्रीत काही बदलत नाही. गुण वाढतात तसं भवितव्य सलग उताराने खाली जातं.

पीसीआयचा आकडा ऐकला की लगेच दोन गोष्टी विचाराव्यात असं मला ठामपणे वाटतं.

एक, तो कशावरून काढला? सीटी स्कॅनवरचा पीसीआय जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी सीटीला सहसा दिसतच नाहीत. आतड्यांच्या घड्यांमध्ये आणि आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यावर बसलेल्या गाठी तर हमखास निसटतात. विशिष्ट पद्धतीने केलेला एमआरआय यात सीटीपेक्षा सरस ठरतो, आणि दुर्बिणीतून प्रत्यक्ष पोटात पाहणं त्याहून भरवशाचं. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर "दुर्बिणीतून तपासणी केली आहे का, नसेल तर का नाही?" हा प्रश्न योग्यच आहे. मात्र आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेली असतील तर दुर्बिणीलाही सगळं दिसत नाही.

दोन, गुण कुठून आले? समान बेरजेचे दोन रुग्ण समान नसतात. समजा दोघांचाही पीसीआय ८ आहे. एकाच्या गाठी ओटीपोटात आणि पोटातल्या चरबीच्या पडद्यावर आहेत, आणि हे भाग काढून टाकता येतात. दुसऱ्याच्या लहान लहान गाठी सगळ्या लहान आतड्यावर आणि त्याच्या मुळाशी विखुरल्या आहेत. लहान आतडं काढून टाकण्याला मर्यादा आहे, कारण त्याशिवाय अन्न अंगी लागत नाही. दुसऱ्या रुग्णाचा आठ हा पहिल्याच्या आठपेक्षा पुष्कळ वाईट. म्हणून बेरजेसोबत लहान आतड्याच्या चार विभागांचे गुण वेगळे मागून घ्या. पोटात पाणी साठलं असेल तर तेही नोंदवा. जास्त पाणी म्हणजे सहसा पसारा दिसतो त्याहून मोठा.

पायरी ३: सगळं काढता येईल का?

आतड्याच्या कॅन्सरमध्ये पोटाच्या अस्तरावरचा आजार पूर्ण काढता येणं हा भवितव्याचा सर्वांत मोठा फाटा आहे. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे रुग्ण दोन वेगळ्या गटांतले समजावेत.

शस्त्रक्रियेनंतर किती आजार उरला हे सीसी गुणांनी सांगतात. डोळ्यांना दिसणारं काहीच उरलं नाही तर सीसी-०. उरलेल्या गाठी अडीच मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर सीसी-१, अडीच मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर असतील तर सीसी-२, त्याहून मोठ्या असतील तर सीसी-३. या आजारात खरा फायदा सीसी-० मध्ये आहे. सीसी-२ किंवा ३ वर थांबलेल्या रुग्णाने मोठ्या ऑपरेशनचा सगळा त्रास सोसलेला असतो, पण आयुष्यात त्याची भरपाई क्वचितच होते. शस्त्रक्रिया आधीच झाली असेल तर ऑपरेशनच्या टिपणात हा गुण शोधा. लिहिलेला नसेल तर सर्जनना विचारा. त्यांच्या लक्षात असतो.

आता आकड्यांकडे. नेदरलँड्समधल्या १०५ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. जुन्या पद्धतीच्या केमोवर मध्यक आयुर्मान १२.६ महिने होतं. गाठी काढून पोटात गरम केमो फिरवलेल्या गटात, म्हणजे ज्याला हायपेक म्हणतात ते केलेल्यांमध्ये, २२.३ महिने. त्यानंतर फ्रान्समधल्या १७ केंद्रांनी २६५ रुग्णांवर प्रोडिज ७ ही चाचणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात ४१.२ महिने आणि शस्त्रक्रियेसोबत ऑक्सॅलिप्लॅटिन या केमो औषधाचं हायपेक केलेल्या गटात ४१.७ महिने असा आकडा आला. फरक नाहीच. उलट ६० दिवसांच्या टप्प्यावर नोंदवलेल्या गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण हायपेक गटात २६ टक्के होतं, दुसऱ्या गटात १५.

हे वाचून "म्हणजे ऑपरेशन केलं की साडेतीन वर्षं" असा हिशोब करण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. प्रोडिज ७ मध्ये रुग्णाची निवड ऑपरेशनच्या टेबलावर पक्की होत असे. पीसीआय २५ पर्यंत असला आणि जवळपास सगळा आजार काढून झाला, तरच रुग्ण चाचणीत मोजला जाई. पोट उघडल्यावर आजार काढण्याजोगा नाही असं दिसलं, तो त्या ४१ महिन्यांत नाहीच. त्यामुळे ऑपरेशनची नुसती शक्यता असलेल्या रुग्णाला हा आकडा लावता येत नाही. पूर्ण आजार निघाल्यावर मात्र तो पूर्ण हक्काने लावावा, आणि त्यातली आशाही घ्यावी.

बरं होण्याची शक्यता असते का? असते, पण थोड्यांना. पूर्ण शस्त्रक्रिया आणि हायपेक झालेल्या १०७ रुग्णांच्या एका फ्रेंच पाहणीत सुमारे १६ टक्के रुग्णांना पाच वर्षांपर्यंत आजार परत आला नव्हता, आणि त्यात कमी पसाऱ्याचे, म्हणजे पीसीआय १० पर्यंतचे रुग्ण ठळकपणे पुढे होते. बहुसंख्यांमध्ये आजार परततो. परतला तरी त्यानंतरही उपचार असतात आणि आयुष्य असतं.

यकृतात एक-दोन, फार तर तीन गाठी असतील आणि त्या काढता येण्याजोग्या असतील, तर काही अनुभवी केंद्रं दोन्हीकडचा आजार काढण्याचा विचार करतात. इतरत्र अनेक ठिकाणी पसरला असेल तर करत नाहीत. केंद्राचा अनुभव हादेखील अंदाजाचाच भाग समजा. ही शस्त्रक्रिया वर्षातून क्वचित करणारी टीम आणि नियमित करणारी टीम यांचे निकाल सारखे नसतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर या पायरीवर घ्या, कारण इथेच त्याने मार्ग बदलू शकतो.

पायरी ४: गाठीचा स्वभाव

पॅथॉलॉजी अहवालात पेशींचा प्रकार पाहा. 'सिग्नेट रिंग' हे शब्द असतील तर आजार आक्रमक असतो. पसारा कमी असला तरी या पेशी अंदाज खाली ओढतात. मूळ गाठीजवळच्या लसीका ग्रंथींत आजार होता का, आणि पेशींची प्रत चांगली (सामान्य पेशींसारख्या दिसणाऱ्या) की वाईट (त्यांहून फार वेगळ्या), हेही नोंदवा. मूळ गाठ आतड्याच्या उजव्या बाजूची असेल तर सरासरी निकाल थोडे खालावतात.

जनुकीय तपासणीत तीन गोष्टी हव्यातच. आरएएस जनुकात बदल असेल तर काही औषधं उपयोगाची राहत नाहीत. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दहापैकी साधारण एकात आढळतो आणि पोटाच्या अस्तरावर पसरणाऱ्यांत त्याचं प्रमाण जास्त असतं. तो भवितव्याच्या दृष्टीने वाईट मानला जातो, मात्र त्याच्यावर नेमकी औषधं आता आहेत.

तिसरी तपासणी एमएसआय किंवा एमएमआर. हिच्यावर जोर देऊन लिहावंसं वाटतं, कारण ती राहून गेली तर पूर्ण अंदाज चुकीचा निघू शकतो. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये जवळपास पाच टक्के रुग्णांत पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडलेली असते; अशांना एमएसआय असलेले रुग्ण म्हणतात. त्यांना केमोचा फायदा कमी होतो, पण इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचा, अनेकदा खूप होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-१७७ चाचणीत अशाच ३०७ रुग्णांना केमो किंवा पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं होतं. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ केमोवर ८.२ महिने, तर पेम्ब्रोलिझुमॅबवर १६.५ महिने होता, आणि काही जणांचा प्रतिसाद वर्षानुवर्षं टिकला. अशा रुग्णाला वरचे १६ महिन्यांचे किंवा १२ महिन्यांचे आकडे लावणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. फाईलमध्ये हा अहवाल नसेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच ठेवा.

पायरी ५: माणसाची ताकद

स्कॅन आजार दाखवतो, माणूस दाखवत नाही. रुग्ण दिवसभरात काय करू शकतो हे ईकॉग गुणांनी मोजतात. ० म्हणजे पूर्वीसारखाच, १ म्हणजे जड काम सोडून सगळं जमतं, २ म्हणजे स्वतःचं सगळं करतो पण काम जमत नाही आणि जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ हिंडता-फिरता असतो. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत किंवा अंथरुणावर, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. ० किंवा १ वरून ३ वर घसरलेल्या रुग्णाचा अंदाज महिन्यांतून आठवड्यांकडे सरकू शकतो, स्कॅनमध्ये फारसा बदल नसला तरी.

डॉक्टर तपासतात तेव्हा रुग्ण अनेकदा अंगात बळ आणून बसतो. म्हणून घरचं निरीक्षण लिहून न्यावं: किती वेळ झोपून असतो, किती खातो, गेल्या तीन महिन्यांत वजन किती उतरलं. याने डॉक्टरांचा अंदाज सुधारतो.

रक्ताच्या दोन साध्या तपासण्या फार बोलक्या आहेत, अल्ब्युमिन आणि सीआरपी. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर शरीरात दाह पेटलेला आहे, आणि सोबत अल्ब्युमिन लिटरला ३५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शरीर झिजत चाललं आहे. दोन्ही बिघडलेल्यांचं भवितव्य अनेक कॅन्सरांमध्ये खालावलेलं दिसतं. जंतुसंसर्ग चालू असताना केलेली तपासणी मात्र इथे धरू नये.

आतड्याला अडथळा आला आहे का, ही या पायरीवरची सर्वांत गंभीर नोंद. पोट फुगणं, सतत उलट्या, गॅस आणि शौच बंद होणं. एका जागी अडथळा असेल तर तो ऑपरेशनने किंवा स्टेंटने सुटू शकतो. अस्तरावरच्या गाठींनी आतडं अनेक ठिकाणी आवळलं असेल आणि केमोचे पर्याय संपले असतील, तर उरलेला वेळ बहुधा आठवडे ते थोडे महिने इतकाच असतो.

पायरी ६: उपचारांना प्रतिसाद

पहिले दोन-तीन महिने केमो झाल्यावर अंदाज नव्याने बांधायचा असतो. केमो चालू असतानाच आजार वाढला, तर ती वाईट खूण. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर बहुतेक टीम अशा वेळी थांबतात. अस्तरावरच्या चपट्या गाठी स्कॅनवर मोजता येत नाहीत, त्यामुळे "स्कॅन जैसे थे" याचा अर्थ कधी चांगला असतो, कधी फसवा. सीईएचा (आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तात अनेकदा वाढणाऱ्या एका घटकाचा) कल, पोटातलं पाणी कमी झालं का, भूक सुधारली का, हे एकत्र पाहावं. सीईए सुरुवातीपासून वाढलेलंच नसेल तर त्याच्या खाली येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

रक्तातल्या ट्यूमर डीएनएची तपासणी केली असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. पोटाच्या अस्तरावरचा आजार रक्तात फार कमी डीएनए सोडतो. तपासणी निगेटिव्ह आली म्हणून पोट स्वच्छ, असं समजू नये.

पायरी ७: गुणपत्रिका वापरून पाहा

हे सगळं एकत्र करण्यासाठी तयार पद्धती आहेत. ऑपरेशनआधी वापरता येणारी त्यातली एक म्हणजे पीएसडीएसएस. ती तीन गोष्टींना गुण देते. लक्षणं: काही नाही ०, सौम्य १, तीव्र ६. सीटीवरचा पीसीआय: १० पेक्षा कमी १, १० ते २० ला ३, २० च्या वर ७. पेशींचा प्रकार: चांगली किंवा मध्यम प्रत आणि लसीका ग्रंथी व रक्त-लसीका वाहिन्या स्वच्छ असतील तर १, मध्यम प्रत आणि ग्रंथी किंवा वाहिन्यांत आजार असेल तर ३, वाईट प्रत किंवा सिग्नेट रिंग असेल तर ९. बेरीज २-३ म्हणजे पहिला गट, ४ ते ७ दुसरा, ८ ते १० तिसरा, १० च्या वर चौथा. गट जितका वरचा, तितका अंदाज वाईट.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सीटीवर पीसीआय १२, मध्यम प्रतीच्या पेशी, ग्रंथींत आजार, पोटात किंचित दुखतं. ३ + ३ + १ = ७, दुसरा गट. आता याच रुग्णाला आतड्यात अडथळा आला आणि वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असं धरा. ३ + ३ + ६ = १२, थेट चौथा गट. स्कॅन तोच, पेशी त्याच. लक्षणांना इतकं वजन का, हे पाचव्या पायरीत आलंच आहे.

ऑपरेशनच्या वेळी पीसीआय कळल्यावर वापरण्याची कम्पास ही दुसरी पद्धत आहे. ती वय, पीसीआय, लसीका ग्रंथी आणि सिग्नेट रिंग पेशी या चार गोष्टी धरते. बायोस्कोपमध्ये पीसीआय, ग्रंथी आणि प्रतीसोबत आरएएस आणि बीआरएएफ जनुकंही येतात. कोणती वापरावी हे टीमवर सोडा. माझं मत विचाराल तर गुणपत्रिकेचा खरा उपयोग गट ओळखायला होतो. महिने मोजायला ती कच्ची आहे, आणि एमएसआय असलेल्या रुग्णाला तर लावूच नये.

पायरी ८: आकड्यातून पट्टा काढा

इथवर आलात की आपला रुग्ण कोणत्या गटासारखा आहे हे बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं असतं. आता त्या गटाचं मध्यक आयुर्मान घ्या. डॉक्टर याला मीडियन म्हणतात: ज्या मुदतीपर्यंत गटातले निम्मे रुग्ण गेलेले असतात आणि निम्मे हयात असतात, ती मुदत. म्हणजे मध्यकाला कुणाची तारीख समजायचं कारण नाही.

पसरलेल्या कॅन्सरच्या अनेक चाचण्यांचे आलेख तपासून एक उपयोगी ठोकताळा बसवला गेला आहे. मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात साधारण निम्मे रुग्ण येतात. सर्वांत वाईट वाटचाल असलेल्या पाच ते दहा टक्क्यांचं आयुष्य मध्यकाच्या चौथ्या हिश्शाइतकं किंवा त्याहूनही कमी असतं, आणि सर्वांत चांगल्या पाच ते दहा टक्क्यांचं तिपटीहून जास्त.

समजा फक्त अस्तरावर आजार आहे, ऑपरेशन शक्य नाही, ताकद चांगली आहे, केमो सुरू करायचं आहे. मध्यक १६ महिने धरू. मग सांगायचं ते असं: "अशा शंभर रुग्णांपैकी साधारण पन्नास जण आठ महिने ते पावणेतीन वर्षं या दरम्यान असतात. पाच-दहा जण चार महिन्यांच्या आतच जातात. पाच-दहा जण चार वर्षांपुढेही असतात." हे वाक्य सुट्या "सोळा महिन्यां"पेक्षा खरं आहे, आणि माझ्या मते जास्त माणुसकीचंही. त्यात वाईटाची तयारी करता येते आणि आशाही खोटी ठरत नाही.

दोन दुरुस्त्या मात्र करायच्या. आकडा मोजायला सुरुवात कधीपासून झाली ते पाहा: निदानापासून, केमोपासून की ऑपरेशनपासून. आणि रुग्णाने वर्षभर चांगलं काढलं असेल तर जुन्या आकड्यातून बारा महिने वजा करू नका. सुरुवातीचा कठीण काळ ओलांडलेल्या रुग्णाचा अंदाज नव्याने काढावा लागतो आणि तो बहुधा वजाबाकीपेक्षा चांगला निघतो.

डॉक्टरांच्या अंदाजाविषयीही हे माहीत असावं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४३ डॉक्टरांनी अखेरच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांसाठी दिलेले अंदाज तपासले होते. अचूकच्या जवळ निघाले ते फक्त २० टक्के, आणि बाकीच्यांतले बहुतेक जास्त आशावादी होते. रुग्णाला जितकं जास्त काळ ओळखत होते, तितकी चूक वाढत होती. जीव लागलेल्या माणसाबद्दल वाईट सांगवत नाही. म्हणून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारण्याऐवजी "हा रुग्ण पुढच्या वर्षात गेला तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?" असं विचारा. "नाही" असं उत्तर आलं, तर वेदनाशमन आणि आधार देणारी पॅलिएटिव्ह टीम आत्ताच सोबत घ्या. केमो चालू ठेवूनही ती टीम काम करते. तिला बोलावणं म्हणजे उपचार सोडणं नाही.

पायरी ९: कुणाला, किती सांगायचं

"त्यांना काही सांगू नका" असं घरचे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, ते मायेपोटीच. पण रुग्णाला आपलं शरीर कळत असतं, आणि न बोलल्याने तो त्या भीतीत एकटा पडतो. आधी त्यालाच विचारावं: "तुम्हाला पुढचं किती जाणून घ्यायचं आहे? सगळं, थोडं, की आम्हीच बघावं?" तिन्ही उत्तरं त्याच्या हक्काची आहेत, आणि ती नंतर बदलण्याचा हक्कही त्याचाच. जाणून घ्यायचं असेल तर पट्टा सांगा, आणि लगेच विचारा की या काळात त्याला काय महत्त्वाचं वाटतं. मोठं ऑपरेशन म्हणजे दवाखान्यातले अनेक आठवडे. ज्याला चार महिन्यांवरचा एखादा प्रसंग चुकवायचाच नाही, त्याच्यासाठी योग्य उपचार वेगळा असू शकतो.

पायरी १०: अंदाज पुन्हा कधी बांधायचा

बायोप्सी आणि जनुकीय अहवाल आल्यावर एकदा. केमोच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनवर एकदा. दुर्बिणीतून पोट पाहिल्यावर, आणि ऑपरेशन झालं तर सीसी गुण कळल्यावर लगेच. त्यानंतर आजार परत आला की, औषध बदललं की, आतड्याला अडथळा आला की, किंवा रुग्णाचा ईकॉग गुण एकाने जरी वाढला, म्हणजे ताकद घसरली, की. प्रत्येक वेळी मागचा कागद समोर ठेवून पहिल्या पायरीपासून जा. बऱ्याच नोंदी तशाच राहतील. बदलल्या असतील त्या कोणत्या दिशेने बदलल्या, हे एका ओळीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या भेटीला रुग्णासोबत दुसरं कुणी गेलं तर त्यालाही डॉक्टरांशी नेमकं तिथूनच बोलता येईल.